बक्षीतलावाचा राजीनामा

इंजिनिअर लक्ष्मीकांत शितूतांनी पिशवीतून काचेची बरणी काढली आणि भोपाळहून आलेल्या साहेबांच्या पुढ्यात, आपटली म्हणावी इतक्या जोरात, टेबलावर ठेवली. बरणीत बक्षीतलावाचा गाळ होता. झाकण सैल राहिलं असावं; काळं पाणी ओघळून टेबलावरच्या हिरव्या कापडावर पसरलं. शेजारी बसलेल्या गिरणीच्या मॅनेजरने आपली टोपी घाईघाईने उचलून मांडीवर घेतली.

"यह क्या है, शहतूत साहब?" श्रीवास्तवसाहेबांनी शांतपणे विचारलं.

शितूत हे आडनाव भोपाळच्या जिभेला कधी बसलंच नाही. सुरुवातीला लक्ष्मीकांतरावांनी दुरुस्ती सुचवून पाहिली होती. पुढे त्यांनी नाद सोडला. तुतीच्या झाडाचं नाव तर झाडाचं, काम होण्याशी मतलब. पण कामही होत नव्हतं.

"गाद है, साहब. पूरे तालाब में यही भरी है. इसको निकालो, तो नीचे के सारे कुएं जिंदा हो जाएंगे. कुएं जिंदा, तो मिल जिंदा. इतनी सी बात है."

इतकीशी बात सांगण्यात त्यांची नोकरीतली उमेदीची वर्षं गेली होती. उन्हाळा आला की शहराच्या त्या अंगाच्या विहिरी तळ दाखवत, गिरण्यांना पाणी पुरेनासं होई आणि एक पाळी बंद पडे. पाळी बंद पडली की मजूर घरी बसत आणि मजूर घरी बसले की किराण्याच्या दुकानापासून शिंप्यापर्यंत सगळेच माश्या मारत. ज्या तलावाचा पाझर या विहिरींना होता तो गाळाने भरून परातीएवढा उथळ झाला होता. गाळ काढा, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तो गाड्या जोडून फुकट नेतील, शहराचा धंदा आपोआप उभा राहील. लहान मुलालाही समजावं असं हे गणित मोठमोठ्या साहेबांच्या डोक्यात कसं शिरत नाही, या विचाराने लक्ष्मीकांतरावांचं स्वतःचंच डोकं फिरायची पाळी आली होती.

होळकरांच्या अमदानीत निदान वरचा साहेब गावातच असे. त्याच्याशी भांडता येई. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि सह्या-शिक्केही तिकडेच गेले. लक्ष्मीकांतरावांची तलावावरची पहिली टिपणी इंग्रजीत आहे म्हणून परत आली. मग त्यांनी ती हिंदीत करून पाठवली. ऐनवेळी गाळाला हिंदीत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून त्यांनी 'गाळ' तसाच ठेवला आणि टाइपरायटरवर ळ नव्हता म्हणून कारकुनाने त्याचा 'गाल' केला. 'तालाब के गाल निकालना अत्यंत आवश्यक है.' भोपाळच्या कचेरीत म्हणे ही टिपणी चहाच्या वेळी मोठ्याने वाचली गेली. गाद हा शब्द लक्ष्मीकांतराव त्यानंतर जन्मात विसरले नाहीत.

श्रीवास्तवसाहेबांनी बरणी दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवली. तलाव बुजवून त्या जागी कारखाने उभारायचा प्रस्ताव त्यांनीच आणला होता, तरी ते वाईट गृहस्थ नव्हते. आवाज चढवत नसत, सगळ्यांना चहा विचारत आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबत. त्यामुळे त्यांच्यावर चिडणं आणखीच अवघड होतं.

"आपकी भावना मैं समझता हूं," ते म्हणाले. "पर शहर को आगे बढ़ना है. कारखानों के लिए ज़मीन चाहिए. आधा तालाब तो यूं भी सूखा पड़ा रहता है."

"सूखा नहीं है, साहब. भरा हुआ है. गाद से."

"तो थोड़ा और भर देते हैं."

टेबलाभोवती हशा पिकला. गिरणीचा मॅनेजरही हसला. ज्याची गिरणी पाण्यावाचून बंद पडते तोच हसतो आहे, हे बघून लक्ष्मीकांतरावांच्या कानशिलात रक्त चढलं.

"कारखाने लगाओगे, पर उनको पानी कहां से दोगे?"

"वह पानी का विषय है. उसकी बैठक अलग होती है. आज का विषय उद्योग है."

पाण्याची बैठक वेगळी, उद्योगाची वेगळी. दोन्हीकडे हेच सहा जण, हीच खुर्ची, हाच चहा. पाण्याच्या बैठकीत लक्ष्मीकांतरावांनी गिरण्यांचं नाव काढलं की तो उद्योगाचा विषय होई, आणि इथे पाण्याचं नाव काढलं की तो पाण्याचा. या खोलीतून त्या खोलीत असे ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं आणि त्या थकव्यातूनच राग उसळला.

"बाकी सब की सहमति हो गई है," श्रीवास्तवसाहेब म्हणाले. "बस आपकी बात रह गई. आप क्या कहते हैं?"

लक्ष्मीकांतराव उभे राहिले. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आदळली.

"मैं क्या कहूं? मेरा राजीनामा लीजिए. अभी, इसी वक्त."

मागे नकाशाच्या सुरळ्या धरून ओव्हरसियर दौलतराव उभे होते, त्यांच्या हातातली एक सुरळी खाली पडली. श्रीवास्तवसाहेबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग उघड उघड समाधान पसरलं.

"सोच लिया है आपने?"

"सोच लिया. लिख लीजिए."

"यह आपका बड़प्पन है, शहतूत साहब."

वर हा टोमणा! मोकळी पिशवी काखोटीला मारून ते तडक बाहेर पडले.

तुकोगंजातल्या सावलीच्या रस्त्याने त्यांनी सायकल जोरात दामटली. श्रीवास्तवचा उजळलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. माणूस सुटला म्हणून एवढा आनंद? जाऊ दे. ते मुद्दाम वाट वाकडी करून तलावावर गेले. कोरड्या भागात कुणी काकडीचे वेल लावले होते, उरलेल्या डबक्यात दोन म्हशी नाकापर्यंत बुडून बसल्या होत्या. लक्ष्मीकांतराव बांधावर उभे राहिले आणि त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं असं मोकळं वाटलं. आजवर या तलावासाठी त्यांनी नुसती कुरकुर केली होती. आज काहीतरी केलं होतं.

घरी शशिकलाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या.

"अहो, आज इतक्या लवकर?"

"राजीनामा देऊन आलो."

त्यांचा हात सुपातच थांबला. "कशापायी?"

"तलाव बुजवतायत. मी म्हटलं, घ्या माझा राजीनामा."

लक्ष्मीकांतराव पायातल्या वहाणा काढत बायको काय बोलेल याची वाट बघत राहिले. नोकरी गेली म्हणजे हा सरकारी क्वार्टर जाणार. लेकीचं, मंजिरीचं, कॉलेज अजून व्हायचं होतं. सायकलवर यातलं काहीच आठवलं नव्हतं. आता सगळं एकदम ओसरीवर येऊन बसलं.

"बरं केलंत," शशिकलाबाई म्हणाल्या.

"बरं केलं?"

"मग काय! इतके दिवस घरी येऊन नुसते कुढत होतात. त्या भोपाळवाल्यांना शिव्या देत होतात, त्या पण इथे, माझ्यासमोर. मी मनात म्हणायची, हा माणूस तिथे जाऊन कधी बोलणार की नाही? आज बोललात." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "काही फिकर नका करू. देपालपूरला माझा कृष्णरावदादा आहे, दोन खोल्या देईल. मंजिरी हॉस्टेलला राहील. मी आजपासूनच सामान बांधायला घेते."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. लग्न झाल्यापासून लक्ष्मीकांतरावांनी तो इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. त्यांना भरून आलं आणि ते लपवायला ते पाणी प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव दारात हजर. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. नातवाकडे त्यांच्या मिशा तेवढ्या आल्या होत्या, बाकी लढाईची त्यांना मुळीच हौस नव्हती. हातात सराफ्यातल्या पेढ्यांचा पुडा होता.

"वहिनी, तोंड गोड करा. साहेबांनी राजीनामा दिला ना, त्याचे आहेत."

शशिकलाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "बघा," त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लोकांना कळतं. कालपासून मी तुम्हाला हेच सांगतेय." आणि पुडा देवापुढे ठेवायला त्या आत गेल्या.

लक्ष्मीकांतराव मात्र अवघडले. "दौलतराव, तुमचं प्रेम मला माहीत आहे. पण पेढे कशाला? माणूस घर सोडायला निघालाय."

"घर? कुठं चालले साहेब? अरे भिया, आता तर तुम्हाला तुकोगंजला मोठा क्वार्टर भेटणार. बिलकुल पक्कं." दौलतराव पायरीवर ऐसपैस बसले. "काल तुम्ही गेल्यावर श्रीवास्तवसाहेब सगळ्यांच्या समोर काय बोलले, पता आहे? म्हणे, सबसे ज्यादा विरोध शहतूत साहब का था, और दिल भी उन्हींने बड़ा किया. भरावाचं पूर्ण काम तुमच्याच हाताखाली द्यायचं म्हणतायत."

"कसला भराव?"

"तलावाचा. अजून कसला?"

आतून घंटीचा आवाज आला. शशिकलाबाई देवाला नैवेद्य दाखवत होत्या.

"दौलतराव," लक्ष्मीकांतराव सावकाश म्हणाले, "मी नोकरीचा राजीनामा दिलाय."

दौलतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मिशीवरून फिरणारा हात तिथेच राहिला.

"नोकरीचा तर इस्तीफा असतो ना, साहेब."

"तेच. राजीनामा."

"आपल्या मराठीत हो. आपल्या आफिसात पण सगळे तसंच बोलतात, आपल्या नादाने. पण ते भोपाळचे." दौलतरावांनी आवाज खाली आणला. "आमच्या घरात चुलत्यांबरोबर जमिनीचा मुकदमा होता. शेवटी कोर्टात राजीनामा झाला. मतलब, दोन्ही पार्ट्या राजी झाल्या. हिंदीत राजीनामा म्हणजे तो. त्यांनी तर तसंच लिहून घेतलं. शहतूत साहब राजी."

लक्ष्मीकांतरावांनी तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहिला. राजी. नामा. जन्मभर तोंडात होता आणि कधी उघडून पाहिला नव्हता.

"तुम्ही तिथे उभे होतात," ते म्हणाले. "मग तिथल्या तिथे सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार?" दौलतराव खरोखरच ओशाळले. "तुम्ही हिंदीत बोलत होता, म्हणून मी पण हिंदीतच समजलो. वाटलं, थकले असतील साहेब. कोण नाही थकत?"

लक्ष्मीकांतरावांना दौलतरावांचा राग आला, मग श्रीवास्तवांचा आला, मग त्या टोपीवाल्या मॅनेजरचा आणि अख्ख्या भोपाळचा. असा एकेकाचा राग करून झाल्यावर पुढे कुणी उरलं नाही आणि ते मुकाट्याने सायकल काढायला उठले.

श्रीवास्तवसाहेब परत निघायच्या तयारीत होते. दाराशी जीप उभी होती, चपराशी कागदपत्रांची पेटी मागे चढवत होता. त्यांनी लक्ष्मीकांतरावांना बसायला सांगितलं, पंखा जोरात करायला लावला आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

"अरे! यह तो बड़ी गड़बड़ हो गई."

"वो वापस लीजिए, साहब. मैं राजी नहीं हूं."

"कार्यवाही पर सबके दस्तख़त हो गए. कल शाम ही भोपाल भेज दी."

"तो वापस मंगाइए."

"क्या लिखकर मंगाऊं?" श्रीवास्तवसाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरीखुरी अडचण होती. "कि हमारे इंजीनियर साहब को हिंदी नहीं आती? आपका ही नुकसान होगा. वैसे ही वह गाल वाली बात लोग अब तक भूले नहीं हैं."

लक्ष्मीकांतरावांची मान खाली गेली.

"अगली बैठक बरसात के बाद है. चाहें तो तब बात उठाइए. तब तक आधा भराव हो चुका होगा, यह मैं आपसे छिपाऊंगा नहीं." त्यांनी एक कोरा कागद आणि आपलं पेन पुढे सरकवलं. "और अगर सचमुच नौकरी छोड़ने का मन है, तो इस्तीफ़ा लिख दीजिए. मैं साथ ले जाता हूं."

लक्ष्मीकांतरावांनी पेन उचललं. 'सेवा में' एवढं लिहिलं. पुढचे शब्द त्यांना येत होते. इस्तीफ़ाही येत होता, त्यागपत्रही येत होतं. काल त्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी तो राजीनामा सगळ्यांच्या तोंडावर फेकला होता आणि त्यांना तो तलावासाठी दिल्यासारखा वाटला होता. आज या पंख्याखाली बसून दिला तर तो फक्त एका माणसाचा नोकरी सोडल्याचा कागद होणार होता. तलाव आजही बुजणार आणि उद्याही बुजणार. शिवाय क्वार्टर. शिवाय मंजिरी. काल उभ्याने एका श्वासात जमलं होतं ते आज बसून जमेना, आणि याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

"सोचकर देता हूं," ते म्हणाले.

"यही समझदारी है," श्रीवास्तवसाहेब म्हणाले आणि पेन परत खिशाला लावलं.

घरी पोचले तेव्हा अर्धं घर बांधून झालं होतं. गाद्यांची वळकटी सुंभाने करकचून आवळून भिंतीला उभी केली होती. फळीवरची पातेली खाली उतरली होती, जुन्या साड्यांत बरण्या गुंडाळल्या होत्या. शशिकलाबाई पदर खोचून ट्रंकेशी बसल्या होत्या. केसांना धूळ लागली होती आणि चेहरा तरतरीत दिसत होता.

"कृष्णरावदादाला निरोप धाडलाय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या शालिनीबाई पण येऊन गेल्या. म्हणाल्या, तुमचे मिस्टर मोठे हिंमतवाले."

लक्ष्मीकांतराव वळकटीवर बसले. "सामान राहू दे," ते म्हणाले आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. राजीनामा कोणत्या भाषेत काय असतो, दौलतरावांचे पेढे कशाचे, बैठकीत काय लिहिलं गेलं, श्रीवास्तव काय म्हणाले, सगळं. सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला. शब्दच असले दगाबाज असतील तर माणसाने करायचं काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. एवढा जीव तोडून सांगावं आणि ऐकणाऱ्याने उलटंच ऐकावं!

शशिकलाबाईंना आधी हसू आलं, ते त्यांनी पदराने दाबलं. मग ते आपोआपच गेलं.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला राजी धरलं."

"हो."

"आणि तुम्ही नव्हतात."

"मी? मी राजी? अगं, तुला तर माहीत आहे, मी या तलावासाठी किती..."

"मला माहीत आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "त्यांना काय माहीत? त्यांनी विचारलं होतं ना, तुम्ही काय म्हणता म्हणून?"

लक्ष्मीकांतराव वळकटीच्या सुंभाचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"मग आज लिहून दिलात? तो इस्तीफा?"

"नाही."

शशिकलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कालचा अभिमानही नव्हता.

"'नाही' हा शब्द तर येतो की तुम्हाला," त्या म्हणाल्या. "हिंदीत पण असाच आहे."

मग त्यांनी नवऱ्याला वळकटीवरून उठायला सांगितलं आणि सुंभाची गाठ सोडायला खाली बसल्या.